चटईखालची जागा

बसलेल्या माणसांच्या समोरून मालियावहिनी कधी ताठ चालत गेल्या नाहीत. समोर कोणीही बसलेलं असो, घरी आलेला पाहुणा असो नाहीतर बसस्टॉपवर वर्तमानपत्र वाचणारा अनोळखी म्हातारा असो, त्या कमरेत वाकायच्या, एक हात जमिनीच्या दिशेने खाली सोडायच्या आणि ‘तुलोऊ, तुलोऊ’, त्यांच्या भाषेत ‘माफ करा, माफ करा’, असं पुटपुटत पुढे सरकायच्या. उंची जवळजवळ सहा फूट, अंगाने भरभक्कम, मानेवर घट्ट अंबाडा. एवढी मोठी बाई अशी दुमडून चालायला लागली की बघणारा आधी दचकायचा आणि मग नकळत पाय आत घ्यायचा.

मी लग्न होऊन पुण्याहून नेकारसुल्मला आले त्याच्या तिसऱ्याच दिवशी हे पहिल्यांदा पाहिलं. परदेशी लोकांच्या कचेरीत, म्हणजे आउसलेंडरबेह्योर्डेत, माझे कागद द्यायचे होते. समीरला, माझ्या नवऱ्याला, सुट्टी नव्हती. म्हणून वहिनी, माझ्या थोरल्या जाऊबाई, सोबत आल्या. प्रतीक्षेच्या खोलीत समोरासमोर दोन रांगांत तीसेक माणसं बसलेली, मधून जेमतेम वाट. वहिनी वाकल्या, हात खाली सोडला आणि प्रत्येकापुढे ‘तुलोऊ’ म्हणत त्या टोकापर्यंत गेल्या. मागून नव्या कोऱ्या कोटात मी. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“अहो वहिनी, असं काय वाकताय? लोक बघताहेत,” मी कुजबुजले.

“ते बसले. मी उभी. मी मोठी दिसते,” त्या म्हणाल्या. “ते बरं नाही.”

आत टेबलामागच्या बाईंसमोरही त्या वाकल्या, कारण त्या बाई बसलेल्या होत्या. असा मान त्या खुर्चीला आजवर कोणी दिला नसावा. माझं काम वीस मिनिटांत झालं, आणि बाहेर पडताना त्या बाईंनी मला उगीचच शुभेच्छा दिल्या.

वहिनी सामोआच्या. पॅसिफिक महासागरातली ही बेटं नकाशावर शोधली तर बोटाच्या टोकाखाली झाकली जातील. त्यांचं मराठी सगळं माझ्या सासूबाईंकडून आलेलं. दादांनी, म्हणजे माझ्या मोठ्या दिरांनी, हे लग्न केलं तेव्हा आईंनी दोन वर्षं त्यांच्याशी अबोला धरला होता. मग आई पुण्यात बाथरूममध्ये पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. वहिनी वृद्धाश्रमात नर्सिंगचं काम करायच्या. साठवलेली सगळी रजा घेऊन त्या पुण्याला गेल्या आणि तीन महिने आईंना उचलून आंघोळ घालत होत्या. पहिले आठ दिवस आईंनी तोंड उघडलं नाही. नवव्या दिवशी उघडलं ते थेट शिकवण्या घ्यायला. नवऱ्याला नावाने हाक मारायची नाही, ‘अहो’ म्हणायचं, हा पहिला धडा. वहिनींना नाव सोडवेना आणि आईंचा शब्दही मोडवेना. तेव्हापासून दादा ‘अहो श्रीकांत’ झाले ते कायमचे.

त्या दोघांची गाठ पडली ती जिन्यात. इकडे आमच्या भागात इमारतीचा जिना झाडण्या-पुसण्याची पाळी प्रत्येक बिऱ्हाडाकडे आठवडाभर येते. तिला केरवोख म्हणतात. मराठी माणसाला हा शब्द समजावून सांगावा लागत नाही, पाळायला मात्र शिकवावा लागतो. दादा तेव्हा एकटे होते, मोटारींच्या कारखान्यात नवे होते, आणि दारावर अडकवलेली पाटी त्यांना सजावट वाटली होती. खालच्या मजल्यावरची एक उंच बाई तीन महिने त्यांची पाळी न बोलता करत राहिली. कळल्यावर ते शरमून खाली गेले आणि दारात उभे राहून जर्मनमध्ये पाठ केलेली माफी म्हणू लागले. वहिनींनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “उभ्याने नाही.”

दादांना काही कळेना. वहिनींनी पायरीकडे बोट दाखवलं. दादा पायरीवर बसले. वहिनींनी त्यांना तसंच बसवून ठेवलं, आतून कॉफी आणली, कप हातात दिला आणि म्हणाल्या, “आता झालं.” दादा सांगायचे, “मी अजून त्या पायरीवरून उठलेलो नाही.” हे ते प्रत्येक पाहुण्याला सांगायचे आणि वहिनी प्रत्येक वेळी पहिल्यांदा ऐकल्यासारख्या हसायच्या.

‘उभ्याने नाही’ हे त्यांचं घरातलं पालुपद होतं. माझी लेक ईरा हिने कप फोडला आणि जाता जाता ‘सॉरी’ फेकलं की वहिनी तिला खांद्याला धरून जमिनीवर बसवायच्या. ईराला मराठी कळतं, उत्तर जर्मनमधून येतं. ती जर्मनमध्ये विचारायची, की बसल्याने कप जोडला जातो का? वहिनी म्हणायच्या, “कप नाही. तू खाली आलीस, मी खाली बघितलं. तेवढंच.”

पण एवढा मोठा समुद्र, एवढी मोठी माणसं सोडून ही बाई या नदीकाठच्या थंड गावात का आली, हे कोणालाच नीट माहीत नव्हतं. आईंच्या मते त्यांचं घर समुद्राने गिळलं असणार. समीर म्हणायचा, नोकरीसाठी, दुसरं काय, आपण कशासाठी आलो? दादांना विचारलं तर ते म्हणत, माझ्या नशिबासाठी. वृद्धाश्रमातल्या एका आजोबांचा तर वेगळाच सिद्धांत होता. सामोआवर कधीकाळी जर्मनांचं राज्य होतं ना, मग ती आपल्याच घरी आली, असं ते अभिमानाने सांगत. वहिनी त्यांचं अंथरूण बदलता बदलता “या, या, गेनाऊ” म्हणायच्या, म्हणजे हो, हो, अगदी बरोबर. मी एकदा सरळ विचारलं. त्या म्हणाल्या, “तिकडे सगळे मला ओळखतात.” मला वाटलं, लहान गावाचा जाच असेल. आपल्याकडेही असतोच. मी पुढे काही विचारलं नाही.

खरं कारण कळायला चौदा वर्षं जावी लागली, आणि त्याची सुरुवात झाली एका पार्सलने. त्या उन्हाळ्यात वहिनींना जकात कचेरीतून पत्र आलं, पार्सल स्वतः येऊन सोडवून न्या म्हणून. गाडी चालवायला मी सोबत गेले, कारण वहिनी गाडी चालवत नसत. कधीच नाही. इतक्या वर्षांत लायसन्स का काढलं नाही म्हणून मी त्यांची पुष्कळ थट्टा केली होती. आता ती थट्टा आठवली की जीभ चावावीशी वाटते.

अधिकाऱ्याने पार्सल उघडायला लावलं. आतून एक चटई निघाली. पण चटई म्हणजे आपल्या डोळ्यांपुढे येते तसली नव्हे. केवड्यासारख्या पानांच्या दोऱ्याएवढ्या बारीक पट्ट्या काढून विणलेली, हाताला लुगड्यासारखी मऊ, कडेला लाल पिसं. ती विणायला महिनोन्‌महिने लागतात. अधिकाऱ्याने विचारलं, ही कशासाठी? वहिनी म्हणाल्या, “बसायला.” पाठवणाऱ्याच्या जागी त्यांच्या भावाचं नाव होतं, सेफो. परतीच्या वाटेवर चटई मांडीवर घेऊन त्या खिडकीबाहेर बघत होत्या. मला वाटलं, माहेरची आठवण झाली असेल.

त्यानंतर महिन्याभरात गणपती आले. आमच्या घरी बसवतो, आसपासची पंधरावीस मराठी मंडळी आरतीला येतात. त्या वर्षी दादांकडे आई होत्या. पुण्यात एकट्या राहणं अशक्य झालं म्हणून दादांनी त्यांना इकडे आणलं होतं, आणि आल्यापासून त्या अंथरुणालाच खिळल्या होत्या. त्यांना निदान देवदर्शन घडावं म्हणून आम्ही गणपती दादांच्याच दिवाणखान्यात बसवला. माणसं जास्त, सतरंजी एकच. मी कपाट उघडलं, ती सुंदर चटई दिसली, आणि मी ती अंथरली. अधिकाऱ्याला त्यांनी स्वतःच सांगितलं होतं ना, बसायला म्हणून! तिच्यावर बायका बसल्या, पोरं बसली, मोदकांची ताटं फिरली.

वहिनी आईंच्या खोलीतून बाहेर आल्या आणि दारातच थांबल्या. मंडळींचे मोदक संपेपर्यंत त्या एका जागी उभ्या होत्या. मग वाकून, ‘तुलोऊ, तुलोऊ’ म्हणत, एकेकाला हाताला धरून त्यांनी उठवलं आणि सतरंजीवर नेऊन बसवलं. कोणाला वाटावं, जास्त चांगली जागा देताहेत. चटई त्यांनी उचलून उराशी धरली. एका कोपऱ्यात मोदकावरचं तूप सांडून हाताएवढा डाग पडला होता.

“अगंबाई, सॉरी हं वहिनी,” हातातली ताटं सावरत मी म्हणाले. “ड्राय-क्लीनला देऊ या आपण.”

“उभ्याने नाही, अनघा,” त्या म्हणाल्या.

मी हसले. घरात वीस माणसं, कोण बसतंय! पुढचं ताट घेऊन मी स्वयंपाकघरात गेले.

भाऊबीजेला मी त्यांच्याकडेच होते. आईंचं औषधपाणी वहिनी आणि मी वाटून करायचो. म्हणजे खरं सांगायचं तर वहिनी करायच्या आणि मी दुपारी दोन तास जाऊन बसायचे. माझा भाऊ पुण्यात. मोबाइल साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला आणि पडद्यावरच्या त्याच्या चेहऱ्याला ओवाळलं. तो दोन मिनिटं बोलला आणि मीटिंग आहे म्हणून गेला. वहिनी समोर बटाटे सोलत बसल्या होत्या.

“हा भाऊ. तो तुझ्यासाठी काय करतो?” त्यांनी विचारलं.

“रक्षण करतो म्हणे,” मी म्हणाले. “साधा वाढदिवसाला फोन करायचं लक्षात राहत नाही गाढवाच्या.”

“माझ्या भावाने केलं,” वहिनी म्हणाल्या. हातातली सुरी त्यांनी खाली ठेवली. “रक्षण. खूप केलं.”

मग जे सांगितलं ते त्यांनी तुटक मराठीत आणि जिथे मराठी पुरेना तिथे जर्मनमध्ये सांगितलं. रविवार होता. चर्च सुटलं होतं. मामाची मालवाहू गाडी, शेजारी सेफो, आणि स्टिअरिंग बावीस वर्षांच्या मालियाच्या हातात. तो तिला गाडी शिकवत होता. शेजारच्या गावातली सहा वर्षांची एक मुलगी पांढऱ्या फ्रॉकमध्ये रस्ता ओलांडत होती.

“मी ब्रेक शोधला,” वहिनी म्हणाल्या. “माझ्या पायाला सापडला नाही.”

रस्त्यावर तेव्हा दुसरं कोणी नव्हतं. सेफोने तिला गाडीतून ओढून बाहेर काढलं आणि म्हणाला, घरी पळ, तू इथे नव्हतीसच. तो स्वतः स्टिअरिंगमागे जाऊन बसला. त्यांच्याकडे भावाने बहिणीसाठी जन्मभर ढाल होऊन राहायचं असतं. वहिनी पळाल्या.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत त्यांचे मामा, घरातले पुरुष आणि सेफो त्या मुलीच्या घरासमोर गेले. तिकडची रीतच तशी आहे. एखाद्याच्या हातून दुसऱ्याच्या घरावर मोठा घाला पडला, की त्याच्या माणसांनी त्या दारी जाऊन जमिनीवर बसायचं, मान खाली घालायची आणि घरातली सगळ्यात मोलाची चटई डोक्यावरून पांघरून घ्यायची. तोंडाने काही बोलायचं नाही. ज्यांचं माणूस गेलं ते बाहेर येऊन दगड मारू शकतात, कोयता चालवू शकतात, त्यांना मुभा आहे. किंवा त्यांच्यापैकी कोणी पुढे येतं आणि चटई उचलतं. चटई उचलली की माफी झाली. तोवर खाली बसून राहायचं, ऊन असो की पाऊस.

“आणि तुम्ही?” मी विचारलं.

“मी घरी कोको करत होते,” वहिनी म्हणाल्या. “मोठ्या पातेल्यात. ते परत आले की पितील म्हणून.”

ऊन चढल्यावर त्या मुलीची आई बाहेर आली. तिचं नाव लोसा. तिने चटई उचलली, सेफोला उठवलं आणि त्याला मिठी मारून रडली. कोर्टाने तरीही सेफोला तुरुंगात पाठवलं, पण माफी झाली म्हणून शिक्षा कमी दिली. दोन्ही गावं म्हणाली, शोभेसं झालं.

आणि मग लोसा दर रविवारी चर्चनंतर मालियाजवळ येऊन बसू लागली. तिचा भाऊ तुरुंगात, बिचारी एकटी पडली, म्हणून. तिला भाजलेला नीरफणस आणून द्यायची. तिचे केस विंचरून द्यायची. आपल्या मुलीचे केस असेच होते, असं म्हणायची.

“मारलं असतं तर मी राहिले असते,” वहिनी म्हणाल्या. “ती केस विंचरायची, अनघा.”

एका जर्मन पाद्र्याच्या बायकोला मायदेशी परतताना मुलं सांभाळायला मुलगी हवी होती. मालियाने हात वर केला. एवढंच. समुद्राने घर गिळलं नव्हतं, नोकरीची भूक नव्हती. एक बाई तिचे केस विंचरत होती म्हणून ती पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला निघून आली.

वहिनी उठून आत गेल्या आणि ती चटई घेऊन आल्या. वर्षानुवर्षं त्या सेफोला विचारत होत्या, मी येऊ का, मी बसू का? तो नाहीच म्हणायचा. माझं बसणं फुकट घालवू नकोस, म्हणायचा. त्या बसण्याने त्याचं आयुष्य घेतलं होतं. लग्न झालं नाही, पुढे मधुमेहाने एक पाय कापला. आणि आता त्यानेच चटई पाठवली होती. चिठ्ठी नव्हती, पण लागतही नव्हती. आता तू बस, असा त्याचा अर्थ होता. आणि त्याच चटईवर मी मोदक वाढले होते.

“आल्झो, तर,” वहिनी म्हणाल्या. “लोसा म्हातारी झाली. तब्येत बरी नाही. अहो श्रीकांत म्हणतात, तुझं मन सांगेल तसं कर. मला मन सांगत नाही. तू सांग. जाऊ?”

मी जे बोलले ते मला शब्दन्‌शब्द आठवतं. “वहिनी, तिची जखम भरत आली असेल. खपली कशाला काढायची? पंचवीस वर्षांनी तिला कळणार, की ज्याला माफ केलं तो भलताच होता. आणि भावाने तुमच्यासाठी एवढं केलं ते खोटं पडेल. तुम्ही लोकांची इतकी सेवा करता, तेच तुमचं प्रायश्चित्त.”

वाईट काय होतं त्यात? कोणत्याही शहाण्यासुरत्या माणसाने हेच सांगितलं असतं. पण बोलताना माझ्या डोळ्यांपुढे लोसाही नव्हती आणि सेफोही नव्हता. पलीकडच्या खोलीत आई होत्या. वहिनी महिना-दीड महिना गेल्या, तर आईंचं कूस बदलणं, अंग पुसणं, रात्रीचे कपडे बदलणं, हे सगळं माझ्या गळ्यात येणार होतं. दादांना ते जमलं नसतं आणि मला ते करायचं नव्हतं. मी वहिनींना थांबवलं ते यासाठी.

त्या म्हणाल्या, “गेनाऊ.” चटईची घडी करून त्यांनी ती कपाटात ठेवली.

आई पुढच्या उन्हाळ्यात गेल्या, वहिनींच्या हातून पाणी पिता पिता. चौदावा झाला आणि वहिनींनी तिकीट काढलं. मला सांगितलं तेव्हा त्या विचारत नव्हत्या, नुसतं सांगत होत्या. निघायला चार दिवस उरले असताना सेफोचा फोन आला. लोसा गेली होती. वहिनींनी फोन ठेवला, भांडी विसळून पालथी घातली आणि बॅग भरायला घेतली.

“अहो, पण आता जाऊन काय?” मी म्हणाले.

“बसायला,” त्या म्हणाल्या.

तीन विमानं बदलून त्या गेल्या आणि तीन आठवड्यांनी परत आल्या. काय झालं ते मी विचारलं नसतं, पण त्यांनी आपण होऊन सांगितलं, बस चुकल्याचं सांगावं इतक्या सरळ आवाजात. तिकडे माणसाला घरासमोरच्या अंगणातच पुरतात. लोसाचं थडगं ताजं होतं, शेजारी लहान थडगं जुनं. घराला कुलूप. मुलगे न्यूझीलंडला, अंत्यसंस्कार उरकून परत गेलेले. वहिनी उजाडायच्या आत तिथे बसल्या आणि चटई पांघरली. सेफो कुबडी आडवी टाकून थोड्या अंतरावर बसला.

“लोक आले. बघितलं. गेले,” वहिनी म्हणाल्या. “ते उचलू शकत नाहीत. त्यांचं दुःख नाही. ज्याचं दुःख, त्यानेच उचलायचं.”

“मग?”

“ऊन डोक्यावर आलं. सेफोची इन्सुलिनची वेळ झाली. मी उठले. चटई मीच काढली. आपली आपण. तसं कोणी करत नाही.”

त्यानंतर वहिनी बदलल्या असं कोणी म्हणालं नसतं. कामावर जात होत्या, रविवारी नारळाच्या दुधात पालक शिजवत होत्या, कारण त्यांच्याकडे लागतो तसा अळू इथे मिळत नाही. फक्त दादा पायरीची गोष्ट सांगायचे तेव्हा त्या हसायच्या नाहीत. आणि दादांनी हळूहळू ती सांगणं सोडून दिलं.

मला राहवेना. एका शनिवारी सकाळी मी त्यांच्या स्वयंपाकघरात गेले आणि दारातच बोलून टाकलं. “वहिनी, माझं चुकलं. तुम्हाला थांबवलं ते तुमच्या भल्यासाठी नव्हतं. आईंचं सगळं माझ्यावर पडेल म्हणून थांबवलं.”

“माहीत होतं,” त्या म्हणाल्या. त्या गाजरं किसत होत्या.

“मग ऐकलंत कशाला माझं?”

“मला भीती वाटत होती. तू कारण दिलंस. मी घेतलं.” किसणी चालूच होती. “आणि अनघा, उभ्याने नाही.”

या वेळी मी हसले नाही. फरशीवर बसले, मान खाली घातली. वर किसणीचा आवाज येत राहिला. एक गाजर, दुसरं गाजर. मला वाटलं होतं, बसताक्षणी त्या उठवतील. त्यांनी उठवलं नाही. पाय बधिर झाले, नाक गळायला लागलं, आणि तेव्हा मला कळलं की माफी मागणं म्हणजे बोलणं नव्हे, वाट बघणं. समोरच्याने उचललं नाही तर आपल्याला करता येण्यासारखं काहीच नसतं. शेवटी त्यांचा ओला, गाजराचा वास येणारा हात माझ्या डोक्यावर आला.

“ऊठ,” त्या म्हणाल्या. “फरशी थंड आहे.”

दारात बसून मी जे मागितलं ते मला मिळालं, कारण देणारी जिवंत होती. हे त्यांच्याही मनात आलं असणार.

पुढच्या वर्षीच्या हिवाळ्यात वहिनी गेल्या. वृद्धाश्रमात सकाळच्या पाळीला, एका आजींच्या पायात मोजे घालायला खाली वाकल्या आणि तशाच कोसळल्या. मेंदूतला रक्तस्राव. इस्पितळात दोन दिवस होत्या, पण शुद्धीवर आल्या नाहीत. एकोणपन्नास वर्षांच्या होत्या. दादा तर एका दिवसात म्हातारे झाले. दफनभूमीच्या कचेरीत ठरावीक वर्षांच्या कराराचा कागद पुढे आला. इथे जमीन कायमची मिळत नाही, मुदत संपली की जागा दुसऱ्याची. दादा तो कागद हातात धरून मला विचारत होते, “अनघा, तिच्या गावाला अंगणात पुरतात ना गं?”

दादांची इच्छा होती की ती चटई शवपेटीवर घालावी आणि तिच्यासोबतच खाली जावी. त्यांच्या देशाचं तेवढंच आमच्याजवळ होतं. पण आदल्या दिवशी सेफोचा फोन आला. दादांनी स्पीकर लावला. तो मोडक्या इंग्रजीत बोलत होता, आवाज हुबेहूब वहिनींसारखा, खाली उतरलेला. पेटीवर चटई घाला, म्हणाला, पण माझ्या बहिणीला त्या चटईखाली पुरू नका. मातीत जायच्या आधी कोणीतरी ती उचला.

“कोणी उचलायची?” दादांनी विचारलं.

पलीकडून समुद्र ऐकू येत होता. मग तो म्हणाला, “लोसाचं इथे कोणी उरलं नाही. तुमच्यातलं कोणीही उचला.”

दफनभूमीतल्या प्रार्थनागृहात वृद्धाश्रमाची मंडळी आली होती, चाकांच्या दोन खुर्च्या होत्या, गणपतीला येणारी आमची मराठी माणसं होती. पाद्रीबुवांचं बोलून झालं. पेटी नेणारे चौघे पुढे झाले. दादा उठायचा प्रयत्न करत होते आणि त्यांना उठता येत नव्हतं. समीरने त्यांचा दंड धरला होता. ईराने माझ्याकडे बघितलं आणि या वेळी ती मराठीत बोलली. “आई, तू जा ना.”

मी भिंतीकडच्या टोकाला होते. पेटीपर्यंत जायचं तर बसलेल्या सगळ्यांच्या समोरून जायला हवं होतं. दोन पावलं टाकली आणि माझी कंबर आपोआप वाकली, हात खाली गेला. “तुलोऊ,” मी म्हणाले. “तुलोऊ, तुलोऊ.” लोकांनी पाय आत घेतले.

चटईच्या एका कोपऱ्यात तुपाचा तो डाग अजून होता. त्यांनी किती वेळा पुसला असेल, पण गेला नव्हता. लोसाच्या जागी उभी राहणारी मी कोण? माझ्या घरातलं तर कोणी गेलं नव्हतं. या बाईने माझं आयुष्यात एकदाही वाईट केलं नव्हतं. तिला क्षमा करायचा अधिकार मला नव्हता, आजही नाही. पण ती फार वर्षं खाली बसली होती, आणि दाराला कुलूप होतं.

मी दोन्ही हातांनी कड धरली आणि चटई उचलली.

“वहिनी,” मी म्हणाले, “उठा आता.”